नासपतीचा वास

बारक्या पिऊन मेला नाही, एवढं एक वाक्य ताईला कुणीतरी कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायला हवं होतं. बाकी तिचं कुणाशी भांडण नव्हतं. गेलेला माणूस काही परत येत नाही, हे तिलाही कळत होतं. पण चाळीस दिवस उलटले तरी जिन्यात, दुकानात, दाराशी जो तो चुकचुकून म्हणायचा, "शेवटी दारूनंच नेलं बिचाऱ्याला," आणि ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण त्या संध्याकाळी बारक्याचं तोंड तिनं स्वतः हुंगलं होतं, आणि त्याला पास केलं होतं.

हे हुंगण्याचं प्रकरण काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय.

ताई गोळ्यांच्या कारखान्यात वास तपासायची. गोळ्या म्हणजे चघळायच्या: लिंबू, अननस, संत्रं, नासपती. त्यात फळ औषधालाही नसायचं, सगळी करामत पिंपातून येणाऱ्या अर्काची. पिंप आलं की ताई कागदाची पट्टी त्यात बुडवायची, झटकायची, नाकाखालून एकदा न्यायची आणि सांगायची, हे ठेवा, ते परत पाठवा. सव्वीस वर्षांत तिचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. कारखान्यात तिला नावच 'नाक' पडलं होतं. "नाक आलं का?" "नाक जेवायला गेलंय." मालक तर पाहुण्यांना सांगायचा की हे आमचं सगळ्यात जुनं यंत्र, कधी बिघडत नाही, आणि सांगताना ताईच्या तोंडाकडे न बघता नेमका नाकाकडे बघायचा. ताई वरवर फणकारायची, पण आतून तिला ते आवडायचं. त्या नाकावर तिनं कधी माशी बसू दिली नाही. गर्व होता म्हणा की, आणि का नसावा? लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती, शिक्षण बेताचं. जगात ज्याच्यावर बोट ठेवून 'हे माझं' म्हणावं असं तिच्याकडे एक नाक होतं आणि एक भाऊ.

तिची कामाची एक पद्धत होती. दर वासाआधी ती स्वतःच्या बाहीची आतली बाजू हुंगायची. हे तिला तिच्या आधीच्या तपासनीस बाईंनी शिकवलं होतं. त्या म्हणायच्या, नाक म्हणजे पाटी. आधीचं पुसल्याशिवाय नवीन लिहू नये. आणि पुसायला स्वतःच्या कपड्यांच्या वासासारखा दुसरा बोळा नाही, कारण तो वास आपल्याला सवयीनं येतच नसतो. आधी बाही, मग पट्टी. बाहीत जे आहे ते वजा करायचं, उरेल ते खरं. ताईच्या हाडीमासी हे इतकं मुरलं होतं की भाजी घेतानाही ती आधी बाही नाकाला लावायची, आणि भाजीवाला हसायचा.

बारक्या तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. नाव बारक्या, पण देह म्हणजे कपाट. फरशी बसवायचं काम करायचा आणि कामात एक नंबर. त्यानं बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही. दिवसभर सगळ्या रेघा सरळ आणि संध्याकाळी घरी येताना स्वतःची चाल मात्र नागमोडी, ही त्याची रीत. लग्नानंतर पाच वर्षं बायकोनं सोसलं, मग ती भावाकडे निघून गेली. तेव्हा बारक्यानं बाटली सोडली. खरोखरच सोडली. तीन आठवड्यांनी बायको परत आली ती एक अट घालून. "मला ह्यांचं तोंड बघितलं की काही कळत नाही, मी विरघळते," ती ताईला म्हणाली. "ताई, तुम्ही रोज हुंगा. तुम्ही नापास म्हणालात की मी त्याच पावली निघाले."

तेव्हापासून रोज साडेसहाला परीक्षा. ताई कारखान्यातून यायची, चपला काढायची, बाही हुंगायची आणि म्हणायची, "हा कर." बारक्या एवढा थोरला गडी गुडघे वाकवून तिच्या नाकाच्या उंचीला यायचा. "पास," ताई म्हणायची. "किती टक्के?" तो विचारायचा. "काठावर," असं तिचं ठरलेलं उत्तर. मग तिघं चहा प्यायची. नऊ महिन्यांत एकदाही नापास नाही.

आणि प्रकृती तर अशी सुधारली की लोक थांबवून विचारायचे. पोट उतरलं. गाल उतरले. ताईनं त्याच्या पँटी कंबरेत दोनदा आत घेतल्या आणि दोन्ही वेळा शिवताना गाणं गुणगुणलं. "आता कुठं नावाला जागलास," ती म्हणाली. पाणी तर तो घटाघटा प्यायचा, एका बैठकीला तांब्याभर. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, बाटली सुटली की घसा पाणी मागतोच, चांगलं लक्षण आहे. सारखं मोरीकडे जावं लागायचं तर तेही चांगलंच, जुनी घाण धुऊन निघतेय. तिघांनीही मान डोलावली. वाईट दिवस बघितलेल्या घरात चांगलं लक्षण मोजायची घाई फार असते.

शेवटच्या आठवड्यात त्याची पाठ धरली. उजवीकडे, बरगडीखाली. पण फरशीवाल्याची पाठ दुखली तर त्यात विचारायचं काय? मलम चोळलं. मग दोन दिवस ताप आला, हुडहुडी भरली. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवा. तो म्हणाला, हातातलं न्हाणीचं काम संपलं की शनिवारी जाऊ, ओल्या सिमेंटवर काम सोडता येत नाही.

ती संध्याकाळ गुरुवारची. त्या दिवशी कारखान्यात नासपतीच्या पिंपाचं झाकण उडालं आणि अर्क ताईच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत सांडला. वरचा कोट बदलला, पण आतली बाही भिजली ती भिजलीच. घरी पोचेपर्यंत तो वास तिचा तिलाच नको झाला होता. भावजयीनं दार उघडलं ते हळू आवाजात बोलतच.

"ताई, हे दुपारीच घरी आलेत. धड उभं राहता येत नाहीये. काहीतरीच बोलतायत. तुम्ही आधी हुंगा."

बारक्या पलंगाच्या कडेला बसला होता. तीन जिने चढून आल्यासारखा तो श्वास घेत होता, खोल खोल, भात्यासारखा. ताईनं बाही हुंगली. नासपती. "हा कर," ती म्हणाली. नासपती. तिनं परत बाही हुंगली, परत त्याचं तोंड. बाहीचा वास वजा केला की खाली काहीच उरत नव्हतं. दारू तर नव्हतीच; दारूचा वास दहा पडद्यांआडून ओळखला असता तिनं.

"पास," ताई म्हणाली.

"लेव्हल चुकलीय, ताई," बारक्या खाली बघत म्हणाला. "सगळी फरशी हलतेय. उचलायला लागणार."

"उचलू उद्या. तू पड आता."

"नक्की ना?" भावजयीनं विचारलं.

ताईला ते लागलं. "सव्वीस वर्षं मी काय माशा मारल्या? तापानं बडबडतोय तो, दमलाय. झोपू दे. सकाळी दवाखान्यात नेऊ."

भावजयीचा चेहरा एकदम सैल झाला. सकाळी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माणूस अडतिसाव्या वर्षी घरात झोपेत गेला तर पोलीस येतातच, आणि पोलीस आले की शवविच्छेदनही आलं. त्या दिवशी मिळालेल्या कागदावर मृत्यूच्या कारणापुढं 'राखून ठेवले' असं लिहिलं होतं. ताईला कळेना, कारण कुणी राखून कसं ठेवेल, आणि कुणासाठी? पोलिसानं समजावलं की आतले तुकडे तपासायला गेलेत, दीड महिना लागेल. मग त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "प्यायचा का?" ताईनं सांगितलं, नऊ महिने थेंब नाही. पोलिसानं 'प्यायचा' एवढंच लिहून घेतलं.

मग जो तो डॉक्टर झाला. शेजारचा म्हातारा म्हणाला, हृदय. ठेकेदार म्हणाला, सिमेंटची धूळ छातीत बसते. औषधाच्या दुकानातला म्हणाला, एकदम सोडल्यावर असं होतं कधीकधी, हळूहळू सोडायची असते. आणि भावजयीचा भाऊ आला तो दारातच म्हणाला, "झोकांड्या खात घरी आलेला माणूस पास होतो म्हणजे काय? ताईंनी भावाला पाठीशी घातलं, दुसरं काय." ताईनं भावजयीकडे बघितलं. तिनं 'हो' म्हटलं नाही, पण 'नाही'ही म्हटलं नाही. ती भिंतीकडे बघत बसली. नवरा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता. ज्यानं शब्द मोडून आपल्याला फसवलं त्याच्यासाठी रडायचं कसं, असं काहीसं तिचं झालं असावं. दोन खोल्यांत दोन बायका दीड महिना राहिल्या, आणि 'मीठ संपलंय' आणि 'दार लावून घे' याच्यापलीकडे बोलल्या नाहीत.

ताईच्या डोक्यात तर नुसता गुंता. बरा होत चाललेला माणूस मरतो कसा? बारीक झाला, पाणी प्यायला लागला, वेळेवर घरी यायला लागला, आणि गेला. आजारी असताना जगला आणि बरा झाल्यावर मेला, हे कुठलं गणित? एक टोक धरावं तर दुसरं सुटायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला नाकाचाच भरवसा वाटेनासा झाला. त्याच महिन्यात तिनं संत्र्याचं पिंप लिंबू म्हणून आत घेतलं. अख्खा घाणा फुकट गेला. मालकानं पहिल्यांदाच नाकाऐवजी तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि आठ दिवस घरी राहायला सांगितलं. मग त्या गुरुवारीही आपण चुकलो असू का? दारू असेल आणि आपल्याला आली नसेल? असं मनात आलं की ती आणखीच चिडून म्हणायची, नाही, प्यायला नव्हता.

त्रेचाळिसाव्या दिवशी निरोप आला, अहवाल तयार आहे. ताई एकटीच गेली. भावजयीला तिनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी येऊन काय करू? तुम्हीच आणा."

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाई लांबलचक बोळाच्या टोकाला एका खोलीत बसायच्या. खोलीत सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांचे ट्रे आणि खिडकीत सुकलेलं एक रोप. बाई पन्नाशीच्या, केस विस्कटलेले, बोलणं एक घाव दोन तुकडे. ताईनं बसायच्या आधीच विचारलं, "प्यायला होता का तो?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दारू शून्य. रक्तात नाही, लघवीत नाही, डोळ्यातल्या पाण्यात नाही."

"हे लिहून द्याल?"

"लिहिलंच आहे. पान दोन."

ताईनं पान दोन काढलं आणि बोट ठेवून तो आकडा बघितला. तिला हुंदका आला, आणि हुंदक्याबरोबर, लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे पण खरी आहे, एक प्रकारचा विजयही. नाक चुकलं नव्हतं. खरं म्हणजे तिनं इथंच कागद घेऊन उठायला हवं होतं. पण माणसाचं मन म्हणजे फाटकं पोतं, एक शंका आत घातली की दुसरी बाहेर पडते.

"मग मेला कशानं?" तिनं विचारलं.

"किडनीत पू झाला होता. उजव्या. जंतुसंसर्ग, रक्तात पसरलेला. आणि त्यात साखर प्रचंड वाढलेली. मधुमेह किती वर्षं होता?"

"मधुमेह नव्हता त्याला."

"तपासला होता?"

ताईनं मानेनंच नाही म्हटलं.

"तहान? सारखी लघवी? वजन उतरलं होतं?"

"ते तर..." ताई म्हणाली आणि थांबली. ते तर चांगलं लक्षण होतं, हे वाक्य तिच्या ओठावर आलं होतं. तिला वाटलं, डॉक्टरीणबाई दुसऱ्याच कुणाचा अहवाल वाचतायत. "ते दारू सोडल्यामुळं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई उठल्या, एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि म्हणाल्या, "या इकडे. ही तुमच्या भावाची किडनी. जिथं पू नव्हता त्या भागातली."

ताईनं डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग गुलाबी कड्या, शेजारी शेजारी, आणि त्या कड्यांच्या भिंतींत पांढरे पांढरे पोकळ फुगे. पावाचा तुकडा उजेडात धरल्यासारखं. हा बारक्या? एवढा थोरला माणूस, आणि त्याच्यात इतकी भोकं?

"ते फुगे दिसले? चांगल्या किडनीत ते नसतात," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "इन्सुलिन कमी पडलं की साखर रक्तात नुसती साचते, पेशींच्या तोंडात पडत नाही. वरून संसर्ग झाला की शरीर आणखी बिथरतं. मग ते चरबी जाळायला लागतं, आणि त्यातून रक्तात आम्ल साठतं. कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात त्याला. किडनी त्याची अशी खूण ठेवते. एकट्या ह्या खुणेवर मी सही केली नसती, पण साखर, कीटोन, पू, सगळं एका दिशेला जातंय. तो खोल श्वास घेत होता का? बडबडत होता?"

"फरशी हलतेय म्हणाला."

"बरोबर. लोकांना वाटतं प्यायलाय. आमच्याकडे आणतात तेव्हा कधीकधी आमच्याच लोकांनाही वाटतं." त्या खुर्चीत बसल्या आणि पेन उचललं. "एक विचारायचं होतं, नोंदीसाठी. तोंडाला वास होता का?"

"दारूचा नव्हता."

"दारूचा नाही. कीटोनचा. गोडसर असतो. कुणी म्हणतं फार पिकलेलं फळ, कुणी म्हणतं नखांचा रंग पुसायचं औषध. मला विचाराल तर नासपतीच्या गोळ्या."

ताईला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "आम्ही करतो त्या."

"काय करता?"

"नासपतीच्या गोळ्या."

डॉक्टरीणबाईंना काही उलगडा झाला नाही. त्यांनी पेन तसंच धरून ठेवलं, मग बहुधा शोकानं बाई भ्रमल्यात असं समजून त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तो वास सगळ्यांना येतोच असं नाही. काही लोकांच्या नाकाला तो कळतच नाही, जन्मजात. घरात कुणाला आला नसेल तर मनाला लावून घेऊ नका."

सोपं होतं की नाही? माझ्या नाकाला कळत नाही, एवढं म्हणायचं होतं. दुसरी कुणीही म्हणाली असती.

"वाचला असता का?" ताईनं विचारलं. "त्या संध्याकाळी आणलं असतं तर?"

"नक्की नाही सांगता येत. पू बराच होता. सलाइन, इन्सुलिन, अँटिबायोटिक, एवढ्यावर पुष्कळ वाचतात. काही नाही वाचत." त्यांनी नोंदीत 'वास: माहिती नाही' असं लिहिलं.

ताई बाहेर पडली ती चुकीच्या बाजूनं. वळून परत आली, परत चुकली. रस्त्याच्या कडेला उभी राहून तिनं बाही नाकाला लावली, धुतलेली, कोरडी, बिनवासाची, आणि ती सगळं पुन्हा मांडायला लागली. आधी बाही: नासपती. मग तोंड: नासपती. वजा केलं, उरलं शून्य. पण वजा करताना काय वजा केलं? बाहीची नासपती की त्याची? दोन होत्या, आणि तिनं एकच धरली. की एकच होती, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणून आता दोन वाटतायत? तिनं आठवून आठवून बघितलं. त्याच्या तोंडाचा वास जरा जास्त उबदार होता का? जरा कडवट? सव्वीस वर्षं दोन पिंपांतला केसाएवढा फरक सांगणाऱ्या बाईला आता काहीच सांगता येईना. एक बाई जवळून जाताना बाही हुंगणाऱ्या तिच्याकडे बघून बाजूला सरकली.

एक मात्र तिला लख्ख दिसत होतं. हातातल्या अहवालात कामाची दोन पानं होती. पान दोनमध्ये बारक्या सुटत होता. पान तीनमध्ये किडनी, साखर, कीटोन होतं, पण वासाचं कुणाला काही माहीत नव्हतं, आणि ती सांगेपर्यंत माहीत होणारही नव्हतं. आणि सांगायचं झालं तरी बाही होती ना. पिंपाचं झाकण उडालं, त्यात तिचा काय दोष? त्या दिवशी बाही भिजली नसती तर तिनं तो वास पकडला असता. हे ती वाटभर स्वतःला सांगत आली, आणि घर येईपर्यंत तिला ते बरंचसं पटलंही.

भावजय कपड्यांच्या घड्या घालत होती. बारक्याच्याच. ताईनं पान दोन तिच्या पुढ्यात ठेवलं आणि बोटानं दाखवलं.

"शून्य," ताई म्हणाली. "थेंब नव्हता घेतलेला. शेवटपर्यंत नाही."

भावजयीनं कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मग तिच्या हातातला शर्ट तिनं तोंडाशी धरला आणि ती रडली. दीड महिन्याचं एकदम रडली, अंग गदागदा हलत होतं. "मी काय काय बोलले त्यांना मनात," ती म्हणत होती, "मी काय काय म्हटलं." ताईनं तिला जवळ घेतलं. इथं थांबलं असतं तर दोघींचंही भलं झालं असतं, असं कुणी म्हणेल. पण ज्या बाईनं आयुष्यभर पिंप चांगलं की वाईट एवढंच सांगितलं, तिला अर्धं सांगणं जमत नव्हतं.

तिनं पान तीनही पुढं केलं आणि सगळं सांगितलं. पाठ म्हणजे पाठ नव्हती, किडनी होती. तहान म्हणजे बरं होणं नव्हतं. "आणि त्याच्या तोंडाला वास होता," ती म्हणाली. "नासपतीसारखा. मला आला होता. मला वाटलं माझ्या बाहीचा आहे. त्या दिवशी अर्क सांडला होता ना अंगावर. म्हणून मी पास म्हटलं."

भावजयीनं डोळे पुसले. तिनं शर्टाची कॉलर सरळ केली.

"बाहीचा नव्हता, ताई," ती म्हणाली. "ह्यांना कामावरच्या टेम्पोवाल्यानं एक वाजता घरी आणून सोडलं. तेव्हापासून येत होता. तुम्ही तर कारखान्यात होतात."

"मग मला बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, कसलीतरी नवी गोड दारू असेल. आणि संध्याकाळी तुम्ही हुंगून पास म्हणालात, तेव्हा वाटलं, मलाच भास झाला." तिचा आवाज अगदी साधा होता. रागाचा असता तर ताईला सोसला असता. "टेम्पोवाला खाली थांबला होता. म्हणत होता, वहिनी, हे काही बरोबर दिसत नाही, बसवा गाडीत, दवाखान्यात नेऊन सोडतो."

"मग?"

"मी नको म्हटलं त्याला," भावजय म्हणाली. "म्हटलं, साडेसहाला आमच्या ताई येतील. त्यांना कळेल."